इश्का म्हणजे पाणी: आयर्लंडमध्ये नवीन आलेल्यांसाठी एका शब्दाची गाइड

आयर्लंडमध्ये नोकरीला, शिकायला नाहीतर नवऱ्या-बायकोच्या परमिटवर येणाऱ्या आपल्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, की आयरिश भाषा शिकावी लागते का? नाही लागत. ऑफिस, हॉस्पिटल, बँक, बस, सगळं इंग्लिशमध्ये चालतं. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आम्हाला आयरिश येते असं लिहून दिलं, पण शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे त्यातले फक्त ७२ हजारांच्या आसपास. म्हणजे भाषा अडवणार नाही. पण राज्यघटनेप्रमाणे ती पहिली अधिकृत भाषा आहे, त्यामुळे पाटीवर, पाकिटावर, फुटपाथवरच्या झाकणावर ती असतेच, आणि काही शब्द असे आहेत की ते कळले नाहीत तर रोजच्या जगण्यात अडखळायला होतं.

त्यातला माझ्या मते सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे पाणी. स्पेलिंग यू-आय-एस-सी-ई. नवीन माणूस हे 'युस्क', 'उइसे', 'युआयस' असं काहीही वाचतो. उच्चार आहे इश्का. हा एक शब्द नीट धरला की घरातला नळ, दारातून पडणारी नोटीस, (न येणारं) बिल, दुकानातली बाटली आणि समुद्रावरची पाटी एवढ्या सगळ्याचा उलगडा होतो, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

हाताशी काय ठेवायचं

- घराचा एअरकोड. २०१५ पासून इथे प्रत्येक पत्त्याला स्वतःचा ७ अक्षरा-आकड्यांचा कोड आहे, आपल्या पिनकोडसारखा अख्ख्या एरियाला एक असा नाही. पाण्याची कुठलीही चौकशी यावरच चालते.
- भाडेकरार, आणि घरमालकाचा किंवा एजंटचा नंबर.
- घरातला मेन कॉक कुठे आहे त्याचा फोटो (बहुतेक वेळा किचन सिंकखाली).
- आपोआप बंद होणारी इलेक्ट्रिक केटल, आणि साधं पांढरं व्हिनेगर.
- इश्का एरनचा (ही इथली सरकारी पाणी कंपनी) नंबर १८०० २७८ २७८. फोन फ्री आहे, २४ तास चालू असतो.
- टमरेल. हसू नका, बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, आणि घाईघाईत दुकानात धुंडाळत बसण्यापेक्षा बॅगेत एक प्लॅस्टिकचा मग टाकून आणा.

१. आधी उच्चार, कारण त्यात मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे

आयरिशमध्ये एस-च्या शेजारी आय किंवा ई आलं की त्याचा 'श' होतो. सी म्हणजे नेहमी 'क'. आणि शेवटची ई म्हणजे आपला 'हलकं', 'मोडकं' मधला शेवटचा उच्चार, म्हणजे खरं तर 'इश्कं' जास्त जवळचं, पण लिहिताना सगळे इश्का लिहितात म्हणून मीही तेच लिहिते. सुरुवातीच्या यू-आयचा इथे नुसता 'इ' होतो.

आता हा स-चा श होणं आपल्याला नवीन आहे का? आपण 'असा' म्हणतो पण 'अशी' म्हणतो, 'कसा' पण 'कशी', एक म्हैस पण चार म्हशी. संस्कृतातलं सिंच् मराठीत येऊन शिंपणं झालं. इ-ई जवळ आली की स चा श करायची सवय आपल्या जिभेला आधीपासूनच आहे, इंग्लिश माणसाला हा नियम पाठ करावा लागतो, तुम्हाला नुसती आठवण करून द्यायची आहे. याच नियमाने शॉन, शिनेड ही नावं आणि शिन फेन पक्षाचं नाव वाचता येतं, आणि इथल्या पंतप्रधानपदाचं नावसुद्धा, ज्याच्या स्पेलिंगकडे बघून नवीन माणूस हात टेकतो. तो उच्चार साधारण 'तीशख', इंग्लिश बोलण्यात 'टीशॉक'. मालवणजवळच्या वराड गावाशी नाळ असलेले लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि परत २०२२ ते २०२४ या पदावर होते, त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत हा शब्द भरपूर आला आणि दर वेळी वेगळा छापला गेला.

अजून एक, यात व्यवहाराचा काही फायदा नाही पण मला आवडतं म्हणून सांगते. इश्का आणि आपलं संस्कृत 'उदक' हे एकाच जुन्या मुळातून निघालेले लांबचे भाऊ आहेत. इंग्लिशमधलं वॉटर आणि रशियन वोदा हेही त्याच घरातले.

२. शब्दाची बदलती रूपं ओळखा

इथे बरेच जण गडबडतात, कारण आयरिशमध्ये शब्दाच्या शेवटी बदल होतात तसे सुरुवातीलाही होतात. पाटीवर शब्दाच्या आधी एखादं जास्तीचं अक्षर चिकटलेलं दिसतं आणि वाटतं हा वेगळाच शब्द आहे.

- अन तिश्का: 'ते पाणी', ठरावीक पाणी. मध्ये टी आणि एक छोटी आडवी रेघ असते. हा आपला दातावरचा त आहे, ट नाही.
- आर निश्का: 'आपलं पाणी'. पत्रकांवर, पाणी वाचवा वगैरे मोहिमांत दिसेल.
- ना हिश्की: अनेकवचन, तलाव-कालव्यांच्या संदर्भात.
- इश्का फूअर: थंड पाणी.
- इश्का टे: गरम पाणी. काही भागात 'चे' ऐकू येईल. याचा चहाशी संबंध नाही, चहा 'ते' आहे, आणि हो, कानाला दोन्ही जवळपास सारखेच लागतात.
- इश्का ओल: प्यायचं पाणी. हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि आता सापळा. एखाद्या पार्कात, कॅम्पसाइटवर नाहीतर जुन्या नळावर नी इश्का ओल ए शो असं दिसलं तर आपला कान काय करतो, 'नी' म्हणजे नि, नि म्हणजे आणि, म्हणजे 'आणि हे प्यायचं पाणी'. अगदी उलटं! आयरिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीचा 'नी' म्हणजे नाही. 'हे प्यायचं पाणी नाही' असा तो इशारा आहे. बहुतेक ठिकाणी खाली इंग्लिशही असतं, पण गेलताख्त भागात, म्हणजे जिथे आयरिश हीच रोजची भाषा आहे तिथे, बऱ्याच पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात.

३. घरातलं इश्का: कुठल्या नळाचं प्यायचं

आयर्लंडमध्ये सरकारी पुरवठ्याचं नळाचं पाणी थेट पितात. फिल्टर, आरओ, काही लागत नाही. पण घरातल्या *कुठल्याही* नळाचं प्यायचं नाही, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. किचनमधला थंड पाण्याचा नळ सहसा थेट मेन लाइनवर असतो. बाथरूमचे नळ बऱ्याच घरांत माळ्यावरच्या टाकीवरून येतात, आणि ती टाकी कधी धुतली असेल हे घरमालकालाही माहीत नसतं. त्यामुळे प्यायला, स्वयंपाकाला, बाळाच्या दुधाला फक्त किचनचा थंड नळ. गरम नळाचं पाणी कुकरमध्ये टाकलं की गॅस वाचतो असा हिशोब करू नका, ते सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी असतं.

घर जुनं असेल, म्हणजे १९७० च्या आधीचं वगैरे, तर शिशाचे पाइप आहेत का ते घरमालकाला विचारा. नवीन बाळ असेल तर हे नक्की विचारा.

पाण्यात फ्लोराइड असतं, १९६४ पासून. लिटरला ०.६ ते ०.८ मिलिग्रॅम. याने घाबरून जाऊन बाटलीचं पाणी आणायची गरज नाही. केटलच्या तळाशी पांढरी खपली जमते ती वेगळी गोष्ट, ती चुन्याची. मिडलँड्स (देशाचा मधला भाग), लिमरिक, किलकेनी अशा चुनखडीच्या भागात जास्त जमते, विकलोच्या डोंगरातलं पाणी येतं तिथे जवळजवळ नाही. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी घालून उकळा, तासभर ठेवा, नीट धुवा, झालं.

आता गरम पाणी. 'हॉट प्रेस' असं कोणी म्हणालं तर इस्त्री डोळ्यासमोर आणू नका, हे एक कपाट असतं ज्यात गरम पाण्याचं सिलिंडर असतं आणि वरच्या फळ्यांवर टॉवेल-चादरी वाळत असतात. त्या सिलिंडरमध्ये 'इमर्शन' नावाचा इलेक्ट्रिक हीटर असतो, साधारण ३ किलोवॉटचा. स्विचवर दोन पर्याय: सिंक आणि बाथ. सिंक लावलं की सिलिंडरचा फक्त वरचा भाग तापतो, भांडी घासायला आणि तोंड धुवायला पुरतं. बाथ लावलं की अख्खं सिलिंडर तापतं. इमर्शन चालू ठेवून घराबाहेर जाणं हा आयरिश घरांतला मोठा गुन्हा आहे, यावरून इथल्या आया अजूनही मोठ्या झालेल्या मुलांना ओरडतात, आणि विजेचं बिल बघितलं की त्यांचं बरोबर वाटायला लागतं. शॉवर जर इलेक्ट्रिक असेल तर त्याला इमर्शन लागत नाही, तो स्वतःच पाणी तापवतो, फक्त छतावरून लोंबणारी दोरी ओढून त्याची लाइन चालू करायची. नवीन माणसं अंगावर गार पाणी घेत उभी राहतात आणि शॉवर बिघडलाय म्हणून मेसेज करतात, आधी ती दोरी ओढा.

डिसेंबरमध्ये भारतात जात असाल तर निघताना मेन कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा, आणि हीटिंग पूर्ण बंद न करता कमी तापमानावर टायमर लावून ठेवा. थंडीत पाइप गोठून फुटला आणि तुम्ही महिनाभर नाशिकला आहात, हा प्रसंग फार महाग पडतो. बाहेर फुटपाथवर जे छोटं झाकण असतं, ज्यावर हाच शब्द कोरलेला दिसेल, त्याखाली रस्त्यावरचा व्हॉल्व्ह किंवा मीटर असतो. ते झाकण बघून ठेवा, उघडू नका.

४. इश्का एरन: बिल का येत नाही

एरन म्हणजे आयर्लंडचं. इश्का एरन ही देशभरातला पाणीपुरवठा आणि सांडपाणी बघणारी सरकारी कंपनी. २०१३ मध्ये ती आयरिश वॉटर नावाने सुरू झाली, २०१४ पासून तिने हे काम काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) स्थानिक संस्थांकडून घेतलं, आणि २०२३ पासून फक्त आयरिश नाव वापरते. लोक बोलताना अजूनही आयरिश वॉटरच म्हणतात, म्हणजे पत्रावर एक नाव आणि शेजाऱ्याच्या तोंडी दुसरं, दोन कंपन्या नाहीत हं.

घरगुती पाण्याला बिल नाही. २०१५ मध्ये लावलं होतं, पण त्यावर एवढे मोठे मोर्चे निघाले, लोकांनी मीटर बसवू दिले नाहीत, की २०१६ मध्ये ते थांबवलं आणि २०१७ मध्ये कायदा करून रद्द केलं, भरलेले पैसे परत दिले. कायद्यात भरमसाट वापरावर आकार लावायची तरतूद आहे, ४ माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला २,१३,००० लिटर मोफत धरलेत, साध्या घराला तेवढं लागत नाही. गळती असेल तर मात्र सांगता येत नाही, म्हणून टॉयलेटची टाकी सतत भरत असल्याचा आवाज आला तर घरमालकाला लेखी कळवा. ऑफिसच्या कँटीनमध्ये हा पाणीपट्टीचा विषय काढायचा असेल तर जेवून झाल्यावर काढा, लोक अजून तापतात.

यातून निघणारे सापळे:

पहिला, पत्त्याचा पुरावा. बँक खातं, लायसन्स अशा कामांना युटिलिटी बिल मागतात आणि आपण म्हणतो पाण्याचं बिल आलं की देऊ. ते येणारच नाही! घरात शिरल्याबरोबर वीज, गॅस किंवा ब्रॉडबँड यातलं एक तरी बिल स्वतःच्या नावावर करून घ्या. दोघं नवरा-बायको असाल तर दोघांची नावं किंवा एकेक बिल एकेकाच्या नावावर. हे पहिल्या आठवड्यात केलं नाही तर पुढची सगळी कामं रखडतात.

दुसरा, घरमालकाने भाड्यावर वेगळे 'पाण्याचे' पैसे मागितले तर विचारा कशाचे, आणि करारात कुठे लिहिलंय. याला एक खरा अपवाद आहे: खेड्यात बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांनी मिळून चालवलेली ग्रुप वॉटर स्कीम असते, त्यांचा स्वतःचा आकार असू शकतो.

तिसरा, विहीर. केअर होममध्ये, छोट्या हॉस्पिटलांत काम करणारे आपले बरेच लोक गावाबाहेरच्या घरात राहतात आणि तिथे घराची स्वतःची बोअरवेल असते. हे पाणी इश्का एरन तपासत नाही, जबाबदारी मालकाची. वर्षातून एकदा तरी तपासणी व्हायला हवी असा इथला सरकारी सल्ला आहे, तेव्हा घर घेण्याआधी शेवटचा रिपोर्ट मागा, द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा. आणि वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद. जानेवारी २०२५ मध्ये एओविन वादळ आलं तेव्हा साडेसात लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती आणि त्याबरोबर कित्येकांचे नळही कोरडे पडले. वादळाचा रेड किंवा ऑरेंज इशारा आला की आदल्या रात्री दोन-चार मोठी भांडी भरून ठेवा, ही सवय आपल्याला शिकवावी लागत नाही.

५. नोटीस आली तर

पाणी दूषित झालं तर नोटीस निघते, आणि ती मुख्यतः दोन प्रकारची असते. दोन्हीत करायचं काम वेगळं, बऱ्याचदा उलटं.

*उकळून प्या* ही नोटीस जंतूंसाठी असते. पाणी खळखळून उकळा, केटल स्वतः बंद होईपर्यंत पुरे, मग झाकून गार करा. प्यायला, दात घासायला, बर्फाला, सॅलड आणि फळं धुवायला, बाळाच्या दुधाला तेच वापरा. अंघोळ, कपडे चालतात, फक्त लहान मुलांनी अंघोळीत पाणी गिळू नये. घरगुती जग-फिल्टर असेल तरी उकळायचंच. २००७ मध्ये गॉलवेत क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या जंतूमुळे लोकांनी महिनोन्‌महिने असं पाणी उकळलं, आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लेक्सलिपच्या पाणी शुद्धीकरण प्लांटच्या बिघाडामुळे डब्लिन, किल्डेअर, मीथमधल्या सुमारे ६ लाख लोकांवर ही वेळ आली, तेव्हा हे फक्त खेड्यातलं दुखणं आहे असं समजू नका.

*पिऊ नका* ही दुसरी नोटीस. यात शिसं, नायट्रेट, एखादं रसायन असू शकतं, आणि तेव्हा उकळून उपयोग नाही, पाणी आटून ते अजून घट्ट होतं. अशा वेळी टँकर किंवा बाटली. आपल्या डोक्यात 'उकळलं की शुद्ध' हे लहानपणापासून एवढं पक्कं बसलेलं आहे की ही नोटीस आली तरी हात केटलकडे जातो, म्हणून घरातल्या आई-बाबांना, जे व्हिजिट व्हिसावर आलेले असतात आणि दिवसभर घरी एकटे असतात, त्यांना हा फरक मराठीत समजावून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

नोटीस आपल्या घराला लागू आहे का हे इश्का एरनच्या वेबसाइटवर एअरकोड टाकून बघता येतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या नकाशांवर जाऊ नका. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर कंपनीकडे विशेष ग्राहक म्हणून नाव नोंदवता येतं.

उन्हाळ्यात अजून एक गंमत: बारा महिने पाऊस पडणाऱ्या या देशात २०१८ च्या जुलैत बागेला नळीने पाणी घालायला बंदी आली होती, दंड १२५ युरो.

६. बाटलीतलं पाणी आणि परत मिळणारे पैसे

रेस्टॉरंटमध्ये बसल्यावर वेटर विचारतो 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' हे दोन्ही विकतचे. तुम्हाला फुकटचं हवं असेल तर 'टॅप वॉटर प्लीज' म्हणा, कोणी तोंड वाकडं करत नाही, आयरिश लोकही हेच मागतात.

दुकानातून बाटली घेतली तर बिलात जास्तीचे पैसे दिसतील, फसवलं नाहीये. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅनवर डिपॉझिट आहे, ५०० मिलीपर्यंत १५ सेंट, त्याच्यावर ३ लिटरपर्यंत २५ सेंट. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की पावती मिळते, ती काउंटरवर वटवायची. पण बाटली चेपायची नाही आणि बारकोड फाटलेला नको, नाहीतर मशीन बाहेर ढकलतं. बाटली चुरगाळून टाकायची आपली चांगली सवय इथे पैसे घालवते. दुधाच्या बाटल्या यात येत नाहीत, त्या हिरव्या डब्यात जातात की काळ्या हे तुमच्या कचरा कंपनीला विचारा.

७. समुद्रावर: इश्का स्नॉवा

पोहण्याच्या पाण्याला इश्का स्नॉवा म्हणतात. 'स्नॉव' म्हणजे पोहणं, आणि हा शब्द आपल्या 'स्नान'चा खरोखरचा नातेवाईक आहे. किनाऱ्यावर पाण्याच्या दर्जाची पाटी असते. मोठा पाऊस झाल्यावर सांडपाणी समुद्रात येतं आणि डब्लिनच्या किनाऱ्यांवर मधूनमधून पोहायला बंदी लागते, वेबसाइटवर आधी बघून जा.

लाल-पिवळा झेंडा असेल तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं, तिथे लाइफगार्ड असतो. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. झेंडाच नाही याचा अर्थ लाइफगार्ड नाही, 'सगळं ओके आहे' असा नाही. ऐन उन्हाळ्यातही पाणी १४ ते १६ डिग्रीच्या आसपास, हिवाळ्यात ८ ते १०. कोकणात पोहलोय असं सांगणाऱ्यांनी विशेष जपा, इथे दमायच्या आधी थंडीने श्वास अडकतो. डब्लिनजवळच्या सॅंडीकोव्हला फोर्टी फूट नावाची पोहायची जागा आहे, तिथे आजी लोक जानेवारीत उड्या मारतात, त्यांची वर्षानुवर्षांची सवय आहे, तुम्ही त्यांचं बघून उडी मारू नका. कोणी अडचणीत दिसलं तर ११२ किंवा ९९९ लावा आणि कोस्ट गार्ड मागा, स्वतः मागे उडी घेऊ नका, जवळचं गोल रिंगबॉय फेका.

८. बोलताना कुठे वापरायचा

आयरिश लोक 'कुपला फोकल', म्हणजे दोन-चार शब्द, कुणी बोललं की खूश होतात, उच्चार चुकला तरी. त्यांनी स्वतः शाळेत १३-१४ वर्षं हा विषय सोसलेला असतो आणि अर्धा विसरलेला असतो. एक काळजी घ्या, भाषेला 'गेलिक' म्हणू नका, इंग्लिशमध्ये बोलताना 'आयरिश' म्हणा. आणि दर वाक्यात वापरून दाखवू नका, ते ओशाळवाणं होतं.

- ग्लिना इश्का, ले दो होल: एक ग्लास पाणी, प्लीज.
- बिजेल इश्का: पाण्याची बाटली.
- गुरा माहगत: थँक्यू.

मग गप्पांमध्ये कामाला येणारे काही. इश्का बॅहा, जीवनाचं पाणी, यातला पहिला शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचं झालं व्हिस्की. पबमध्ये हे सांगू नका, तिथे सगळ्यांना माहीत असतं, उलट तेच तुम्हाला सांगतील आणि त्यांना सांगू द्यावं. डब्लिनच्या फिनिक्स पार्कचा त्या राखेतून उठणाऱ्या पक्ष्याशी मुळात संबंध नाही, ते आयरिश 'फिनिश्का' म्हणजे नितळ पाणी, इंग्रजांच्या कानाला ते फिनिक्स वाटलं. पुढे १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफिल्डने तिथे खांबावर फिनिक्स पक्षीच बसवून दिला, आता कोण कोणाला समजावणार.

मला स्वतःला प्राण्यांची नावं फार भारी वाटतात. ऑटरला माद्रा इश्का म्हणतात, पाण्यातलं कुत्रं. आपण त्याच प्राण्याला पाणमांजर म्हणतो. आणि कालव्याच्या कडेने, डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन बागेच्या तळ्यात लाल चोचीचा काळा पक्षी फिरताना दिसतो तो क्यार्क इश्का. क्यार्क म्हणजे कोंबडी. म्हणजे सरळ पाणकोंबडी! मुलांना हे सांगा, शाळेत आयरिश टीचरसमोर भाव खाऊन येतील. लहान वयात आलेल्या मुलांना शाळेत आयरिश शिकावी लागतेच, आणि वर्षभरात ती तुमचे उच्चार सुधारायला लागतात.

एक म्हणण्यासारखा वाक्प्रचार: इश्का फ्वी हालव, शब्दशः जमिनीखालचं पाणी, अर्थ आतल्या गाठीचं कारस्थान. ऑफिसमध्ये कोणाच्या प्रमोशनमागे काहीतरी शिजतंय असं वाटलं तर आयरिश येणाऱ्या मित्राच्या कानात म्हणा, बाकीच्यांना कळायचं नाही.

गॉलवेच्या पश्चिमेला स्पिडलकडे किंवा केरीत डिंगलकडे फिरायला गेलात तर तिथे हे खरंच वापरून बघता येतं. दुकानात शिरताना आधी 'दिया घ्विच' म्हणा, तो तिकडचा नमस्कार, मग पाण्याची बाटली मागा. समोरचा लगेच भराभर आयरिशमध्ये सुरू झाला आणि पुढचं काही कळलं नाही तर इंग्लिशवर या, तेही येतात. आणि बाटली रिकामी झाली की गाडीत ठेवा, १५ सेंट आहेत त्यात.